टपलीची बॅटरी

स्वस्तातल्या बॅटरीच्या खोडी बारकीला तोंडपाठ होत्या. मागचं झाकण आट्यांत नीट बसत नाही, चार दिवसांत सैल होतं. स्प्रिंग आखूड असते, त्यामुळे आतला सेल खुळखुळतो आणि चालताना दिवा मिचमिचतो. बटण एकदा दाबलं की उजेड, पुन्हा दाबलं की मंद उजेड, तिसऱ्यांदा दाबलं की नुसती लकलक. म्हणजे ज्याला बॅटरी फक्त बंद करायची आहे, त्यानं आधी हा सगळा तमाशा बघायचा. बारकीकडे यावर साधे उपाय होते. सेलभोवती कागदाची गुंडाळी, स्प्रिंगच्या टोकाला सोल्डरचा ठिपका, आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप. एवढ्यावर स्वस्त बॅटरीसुद्धा वर्ष काढते.

दुकान तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं. बाजारातल्या इमारतीच्या तळघरात, जिना उतरला की डाव्या हाताला. पुढं काउंटरवर दादा आणि वहिनी, आणि मागं मांडणीच्या आडोशाला, दुरुस्तीच्या बाकाशी बारकी. नाव लहानपणी पडलेलं. आता ती चाळिशी ओलांडलेली, अंगानं भरदार. मांडणीमागं जायचं तर तिला तिरकं व्हावं लागे. तरी सगळा बाजार बारकीच म्हणायचा, आणि तीही निमूट ओ द्यायची.

दादा म्हणजे मुंगीला वाट देऊन चालणारा माणूस. गिऱ्हाईक कितीही डोक्यावर बसलं तरी त्याचा आवाज चढत नसे. वहिनी म्हणायची, "यांना राग आला तर मला कळणारच नाही. ताप आलाय म्हणून मी काढा करून देईन."

त्या काळ्या बॅटऱ्या आल्या तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. मुठीत मावणाऱ्या, तोंडाला धातूची जाड कडी, हाताला चांगल्या जड. खोड एकच होती. बटण दाबलं तरी लागायच्या नाहीत. तळहातावर टपली मारली की लख्खकन पेटायच्या.

"हट्टी आहे थोडी," दादा गिऱ्हाइकाला हसत सांगायचा. "एक लगावली की सरळ येते."

लोक हसायचे आणि घेऊन जायचे. वीज सारखी जात होती आणि उजेड खरोखर सुरेख होता.

पहिली तक्रार नळवाल्याची आली. हा किडकिडीत, बोलका माणूस. आसपासच्या सगळ्या इमारतींचे नळ आणि गटारं त्याच्याकडे. त्यानं बॅटरी काउंटरवर ठेवली आणि मांडणीपलीकडे डोकावून म्हणाला, "बारके, हिला टपली पुरत नाही आता."

"मग काय करता?"

"आधी भिंतीवर आपटायचो. काल तर लोखंडी पाइपावर हाणली तेव्हा कुठं बाईसाहेब जाग्या झाल्या."

बारकीनं बॅटरी उघडली. सेल भरलेला. स्प्रिंग ताठ. आतल्या सर्किटच्या पट्टीवरचे सगळे सांधे स्वच्छ. मीटर लावला तर वीज जिथं पोचायला हवी तिथं बरोबर पोचत होती. आत बिघाड म्हणावा असं काही सापडेना. तिनं बॅटरी बंद करून बाकावर आपटली. उजेड आला, पण पाण्यात दूध कालवावं तसा, गढूळ. तिनं वैतागून तळहातावर जोरानं हाणली. कडी नेमकी अंगठ्याच्या बुडाला बसली आणि कोपरापर्यंत कळ गेली.

समोरची भिंत पांढरीफेक झाली. भिंतीतला खिळा न् खिळा दिसला, पोपडे दिसले, आणि तिच्या वडिलांनी कधीकाळी पेन्सिलीनं केलेली मोजमापाची रेघ दिसली. ती रेघ तिथं आहे हे ती विसरूनच गेली होती.

"पट्टीत बारीक तडा असेल," तिनं नळवाल्याला सांगितलं. सगळे सांधे पुन्हा सोल्डर करून बॅटरी परत दिली. तडा असेल यावर तिचाही विश्वास होता.

पण दुपारी तिनं दुकानातली नवी बॅटरी घेतली आणि आपटून पाहायला बसली. लाकडावर आपटली की गढूळ उजेड. लोखंडावर आपटली की जरा बरा. हातावर हळू मारली की पिवळट, जोरात मारली की पांढरा. बाकाच्या कडेवर नुसता हात आपटला तर काहीच नाही. बॅटरीनं मारावं लागे आणि ते अंगाला लागावं लागे. वहिनी चहा घेऊन आली आणि किंचाळलीच.

"अगं, हात बघ!"

बारकीनं पाहिलं. डावा तळहात मनगटापर्यंत निळाजांभळा झाला होता आणि बोटं मिटत नव्हती. तिला दुखलं होतं, नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी भिंत उजळली की ते दुखणं तिच्या ध्यानातच राहत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी इमारतीचा म्हातारा वॉचमन जिन्यात भेटला. त्याच्या हातात काळी बॅटरी होती, दिवसाढवळ्या पेटलेली. त्यानं एक कुत्री पाळली होती, तांबडी नावाची. स्वतः अर्धपोटी राहील, पण तिला आधी घालेल असा त्याचा जीव होता तिच्यावर.

"काका, आज तांबडी कुठं दिसत नाही?"

"खाली आहे. गाड्या लावतात तिथं." त्यानं बॅटरी मुठीत फिरवली. "झकास लागते आता बॅटरी. काल विझलीच नाही."

बारकी खाली गेली. गाड्यांच्या उताराच्या आडोशाला तांबडी पडली होती. पाय ताणलेले. मान ठीक होती, पोट ठीक होतं. फक्त डोकं नव्हतं म्हणावं इतकं सपाट झालं होतं, आणि फरशीवर कडीचे गोल ठसे उमटले होते, एकाला एक चिकटून.

वॉचमन तिच्या मागं येऊन उभा राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची शुद्ध त्याला नव्हती. त्यानं बॅटरी वर धरली.

"बघ ना बारके," तो म्हणाला. "पार त्या टोकाचंही दिसतं."

तिनं बॅटरी त्याच्या मुठीतून ओढून घेतली. म्हाताऱ्याच्या मुठीत एवढं बळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिनं दादाला सगळं सांगितलं, आपला हातही दाखवला. दुसरा कुणी असता तर हसला असता. दादानं गुपचूप मांडणीवरच्या काळ्या बॅटऱ्या उतरवल्या आणि खोक्यात भरल्या.

"मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण माल परत जाणार. एकही विकायची नाही."

खोकं मांडणीच्या वरच्या फळीवर गेलं. त्याच दुपारी नळवाला आला.

तो लंगडत जिना उतरला.  काउंटरला टेकून त्यानं आधी एका पायाची, मग दुसऱ्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर केली. दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. एका जागी कातडी फाटून आतलं पांढरं दिसत होतं. वहिनीनं तोंडावर पदर धरला.

"कुणी मारलं हो?" दादानं विचारलं.

"मीच." नळवाल्यानं खिशातून बॅटरी काढून काउंटरवर ठेवली, पण बोटं तिच्यावरून उचलेनात. "घरात पोरं आहेत, दादा. म्हटलं, स्वतःला मारलेलं बरं. तुम्ही घ्या हिला. मी द्यायला नको म्हणेन. तरी घ्या."

दादानं त्याची बोटं एकेक करून सोडवली, ताप आलेल्या माणसाचा हात धरावा तशी हळुवार. बॅटरी आपल्या हातात घेतली.

"झालं," तो म्हणाला. "बसा तुम्ही. बारके, पाणी आण."

आणि वीज गेली.

तळघरात वीज गेली की डोळे उघडे काय नि मिटलेले काय, सारखंच. बारकी मांडणीमागं माठाशी उभी होती. तिला पंखा थांबतानाची घरघर ऐकू आली, मग वहिनीच्या बांगड्या.

"कुणी हलू नका," दादाचा आवाज आला. "पडाल. बॅटरी आहे माझ्याकडे."

तळहातावर टपली मारल्याचा आवाज आला. मग काउंटरवर आपटल्याचा. अंधार तसाच राहिला.

"नको, दादा," नळवाला म्हणाला. "मेणबत्ती लावा."

काउंटरवर पुन्हा आवाज झाला.

"दादा, तुम्हाला हात जोडतो."

मग निराळा आवाज आला, आणि उजेड पडला.

मांडणीच्या फटीतून बारकीला दिसलं. नळवाला कान दाबून वाकला होता आणि त्याच्या बोटांतून रक्त कोपराकडे ओघळत होतं. दादाचा चेहरा रोजचाच होता. राग नाही, दात-ओठ खाणं नाही. सुईत दोरा ओवताना माणूस जसा बघतो तसा तो बॅटरीकडे बघत होता.

उजेड जरा ओसरला. दादानं पुन्हा मारलं.

नळवाला गुडघ्यांवर आला. पुन्हा. तो आडवा झाला तेव्हा दादाही खाली वाकला, म्हणजे हात पोचावा म्हणून. दुकान असं उजळलं होतं की वरच्या फळीवरची धूळसुद्धा कणाकणानं दिसत होती.

"अहो!" वहिनी ओरडली. "अहो, मरेल तो!"

दादानं बॅटरी तिच्याकडे वळवली. "जरा इकडे ये," तो म्हणाला. शिडी धरायला बोलवायचा, अगदी त्याच आवाजात.

वहिनी गेली नाही. तोच आला.

पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मांडणीमागं ऐकू आला.

बारकी तिरकी झाली नाही. सरळ घुसली. मांडणी कलंडली, वरचं खोकं फुटलं आणि काळ्या बॅटऱ्या फरशीभर गडगडत गेल्या. तिनं हाताला आली ती उचलली. दादानं वळून पाहिलं आणि तिच्याकडे बघून ओळखीचं हसला.

तिनं मारलं. गालाच्या हाडावर, जीव खाऊन.

तिच्या मुठीत बॅटरी पेटली.

यानंतरचं बारकीला आठवतं ते एवढंच, की वरची माणसं धावत खाली आली. तळघरातून जिन्यावर इतका झगझगीत उजेड येत होता की त्यांना वाटलं आग लागली. त्यांनी पाण्याच्या बादल्या आणल्या होत्या.

नळवाला वाचला, एक कान मात्र गेला. त्यानं पोलिसांना सांगितलं की बारकी मधे पडली नसती तर तो मेलाच असता. वहिनीनंही तेच सांगितलं. दुकानाला कुलूप लागलं आणि बॅटऱ्या पोलीस घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी दवाखान्यात दादाच्या खाटेशी बसली होती. दादाचं डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं, एक डोळा तेवढा उघडा, छताकडे लागलेला. वहिनी गळ्यात हात अडकवून पलीकडे बसली होती. डॉक्टरीणबाई आल्या. सगळं तपासून झाल्यावर त्यांनी बारकीला बाजूला घेतलं.

"किती जण होते मारणारे?"

"मी एकटीच," बारकी म्हणाली. "एकदाच मारलं. गालावर."

डॉक्टरीणबाईंनी एकदा खाटेकडे पाहिलं. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. जबडा दोन जागी. कवटी. दोन्ही हात, कोपरापासून मनगटापर्यंत. बरगड्या. "हे एकदा मारून होत नाही, बाई. आणि घाईतही होत नाही. सगळे घाव जवळ जवळ आहेत. हा माणूस हलत नव्हता."

त्या गेल्या. बारकी खाटेशी परत आली. पहाटेपासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर उचलत नव्हता. तिला वाटलं होतं, मांडणी अंगावर पडली त्याचं असेल.

"वहिनी," ती म्हणाली. "मी एकदाच मारलं ना गं?"

 वहिनी उठली, चांगल्या हातानं दादाच्या अंगावरची चादर सारखी केली, कडा गादीखाली खोचल्या.

"तुला कसं आठवणार," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुझं लक्ष कामात होतं. मी धरून ठेवलं होतं त्यांना."

"कशाला?"

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. एवढं साधं कसं कळत नाही हिला, असं.

"नीट दिसत होतं ना," ती म्हणाली.