उताराला अडलेली जीप

चढावर मजेत आलेली जीप उतार लागताच का अडावी? उताराला तर गाडी ओढावीही लागत नाही!

केतकीला काही केल्या उलगडेना. तिचे आजोबा, निवृत्त सुभेदार भिकाजीराव, कपाळाला हात लावून बसले होते. लष्करातली त्यांची ही टू-स्ट्रोक जीप उद्या संग्रहालयात जाणार, तिचं इंजिन कायमचं बंद होणार. त्याआधी घाटाखालच्या हणमंतकाकांना ती चालती दाखवायची होती. तरुणपणी दोघांनी आलटूनपालटून तीच हाकली होती. काकांना आता अंगणापलीकडे जाता येत नव्हतं.

"टिकू, काय केलंस रे?" आजोबांनी यंत्रमानवाला विचारलं. त्यांचे गुडघे गेल्यापासून गाडी तोच चालवायचा.

"नियमाप्रमाणे उताराला अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. त्यानं बॅटरी भरते."

"अरे देवा! ही विजेवरची नाही रे बाबा! केतकी, हिच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगण (घर्षण कमी करणारं तेल) वेगळं नसतं. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. आता सांग, पेट्रोल तोडलं तर?"

"ऑइलही तुटलं! पण उतारावर चाकं इंजिनाला गरगर फिरवतच राहिली... म्हणजे पिस्टन (सिलिंडरमध्ये मागेपुढे होणारा दट्ट्या) कोरडाच घासला?"

"घासला, तापला, फुगला नि अडकला. न्यूट्रल करावं, तर सगळा भार ब्रेकवर. डोंगरात फौजेला हे परवडेल होय? आमच्या पलटणीनं शेवटी या जीपा बाद केल्या. पण माझा जीव हिच्यातच आहे गं."

केतकी बॉनेटकडे वळली.

"आजोबा, गार झाला की दट्ट्या आकसेल ना?"

"बघूया. पोळला नसला म्हणजे मिळवली."

करवंदं खात दोघं रस्त्याकडेला बसून राहिले. मग टिकूनं किल्ली फिरवली. इंजिन आधी कण्हलं, खोकलं आणि एकदाचं धडधडू लागलं!

"टिकू, आता मध्ये मध्ये रेस देत राहा," केतकीनं बजावलं. "म्हणजे ऑइल पोचेल."

घाटाखाली, आपल्या अंगणात काका काठी टेकून उभेच होते.

"आवाज नाही ऐकू आला गड्या, लांबचं कानी पडत नाही आता! पण वळणावर निळा धूर दिसला."

"ऑइल जळतं ना, त्याचा," आजोबा केतकीला म्हणाले. "याच धुरानं शत्रूला आमचा पत्ता लागायचा. किती शिव्या घातल्यात आम्ही हिला!"

काकांनी हसत हसत डोळे पुसले आणि बॉनेटवर हात ठेवला.

"मी डोंगरात चालणारी नवी गाडी करणार," केतकी म्हणाली. "धूर नाही, अडकणं नाही."

"कर की!" आजोबा म्हणाले. "पहिल्या फेरीला मला ने मात्र."

टिकूचा हात किल्लीकडे गेला. "इंजिन बंद करू?"

"राहू दे रे अजून जरा," दोघं म्हातारे एकदमच म्हणाले.