अकरावा दिवा

चिपेरोनीचा ओला गारठा उतरला की तीन दिवस हलत नाही, हे मुलांझे डोंगराच्या पायथ्याशी शेंबड्या पोरालाही ठाऊक. ना धड पाऊस, ना धड धुकं. कपडे नुसते ओलसर होत राहतात आणि समोरचा चहाचा मळा पुसून टाकल्यासारखा नाहीसा होतो. अशा सकाळी ओवेन नाखुम्वा जुना ओव्हरकोट चढवून, तळलेल्या मांदासीची पुडी खिशात घालून धावपट्टीच्या कडेच्या पत्र्याच्या खोपीत जाऊन बसायचा. काम एवढंच, पट्टीच्या पलीकडल्या काठाने ओळीने लावलेले दिवे किती दिसतात ते मोजायचं आणि वॉकीटॉकीवरून टॉवरला सांगायचं. दहा दिसले तर विमानाने उतरायचं. नऊ दिसले तर नाही. टॉवरमधल्या लोकांना या दिवसांत काचेवरच्या पाण्याखेरीज काही दिसत नसे. सगळा भरवसा ओवेनच्या डोळ्यांवर.

“ओवेनकाका, किती?” टॉवरवरची ताडाला नावाची पोरगी विचारायची.

“चार. आणि कुंपणापाशी एक बकरी.”

“बकरी धरायची नाही, काका.”

“दिवसभर असंच राहिलं तर मी धरणार. आणि खाणार.”

ताडालाला एक गोष्ट मात्र माहीत नव्हती. ओवेन जेवढे दिवे मोजायचा, त्यातून एक वजा करून सांगायचा. सहा वर्षं.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी धावपट्टीचे दिवे सांभाळणारा फॅक्सन खोपीत डोकावला होता. दोघांचं इतकं सूत की दुपारची न्सिमा एकाच ताटात. “दहावा गेलाय रे, बदलून येतो. माझ्या वॉकीटॉकीच्या डबड्याची बॅटरी मेलीये, टॉवरला तू सांग,” असं म्हणून तो कंदील हलवत धुक्यात शिरला. ओवेनचे दात कडकडत होते. हातातला चहा संपवू आणि सांगू, असं तो मनाशी म्हणाला. तेवढ्यात वॉकीटॉकीवर विमानतळाचा मॅनेजरच ओरडला, विमान डोक्यावर घिरट्या घालतंय, किती ते लवकर बोल! ओवेनने मोजलं. नऊ... आणि नवव्यापुढे एक पिवळसर, जरासा खाली, किंचित हलणारा. बसवला वाटतं गड्याने बल्ब, असं त्याने स्वतःला समजावलं. समजावलं म्हणजे काय, तसंच समजून घ्यायचं होतं म्हणून घेतलं.

“दहा,” तो म्हणाला.

विमानातल्या कुणाला खरचटलंही नाही. फॅक्सनला मात्र चादरीत गोळा करून आणावं लागलं.

चौकशीत ओवेनने शपथेवर सांगितलं, फॅक्सन मला काही बोलला नव्हता. कागदावर लिहिलं गेलं, मयत न विचारता धावपट्टीवर गेला, चूक मयताची. फॅक्सनची बायको तो कागद घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवते, असं त्याच्या कानावर आलं होतं. बाजारात ती दिसली की तो सुकटीच्या गल्लीत वळायचा.

त्यानंतरच्या पहिल्याच चिपेरोनीत शेवटच्या दिव्यापुढे एक पिवळा दिवा दिसू लागला. डावीकडून उजवीकडे सरकायचा, थांबायचा, काही शोधत असल्यासारखा. रॉकेलचा वास थेट खोपीत यायचा. ओवेनने डोळे तपासून घेतले, फादरकडून पाणी शिंपडून घेतलं. दिवा गेला नाही. मग तो वजाबाकी शिकला. माणूस कशालाही सरावतो.

त्या मंगळवारी साडेनऊच्या सुमाराला धुकं जरा विरळ झालं. राजधानीहून आलेलं विमान वर घिरट्या घालत होतं.

“काका, किती?”

ओवेनने हवेत बोट नाचवत मोजलं. अकरा. त्यातला एक वजा.

“दहा.”

“ठीक. उतरवते.”

हिशेब चोख होता, पण त्याचं बोट हवेतच राहिलं. पिवळा दिवा आज शेवटच्या दिव्यापुढे नव्हता. पाचव्या नि सहाव्याच्या मध्ये होता, आणि काठावर नाही, पट्टीच्या ऐन मधोमध. सरकतही नव्हता. जमिनीलगत, कुणाची तरी वाट पाहत बसल्यासारखा...

डोंगराकडून विमानाची घरघर आली. ज्याला आपण दर वेळी वजा करत आलो, त्याच्या जागी आज जिवंत माणूस असला तर?

“ताडाला...”

“बोला, काका.”

“थांबव. वर घे त्याला.”

“आत्ता दहा म्हणालात ना?”

“दिवे दहाच आहेत गं. अकरावा... अकरावा माणूस आहे. वर घे!”

मग घरघर एकदम किंचाळली, खोपीचा पत्रा थरथरला आणि न दिसलेलं विमान डोक्यावरून वर निघून गेलं.

“काका,” ताडालाचा आवाज अगदी लहान झाला होता, “कोण आहे तिथं?”

“फॅक्सनने मला सांगितलं होतं,” ओवेन म्हणाला. “त्या दिवशी. टॉवरला सांग म्हणाला होता. मी सांगितलं नाही. आणि त्याचाच कंदील दहावा म्हणून मोजला.”

वॉकीटॉकीवर मॅनेजर होता, आग विझवणारे होते, सगळे ऐकत होते. सहा वर्षं घशात अडकलेली गोष्ट एवढीशी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ती बाहेर पडूनही काही हलकं वाटलं नाही.

तो पट्टीवर चालत निघाला. जवळ जाताच दिवा दिसेनासा झाला. पाचव्या दिव्याच्या पुढे, मधल्या पांढऱ्या रेघेवर, अंगावरचं चितेंजे डोक्यावरून ओढून एक बाई उकिडवी बसली होती. गवत कापणाऱ्या टोळीतली एनिफा, आदल्याच दिवशी कामावर लागलेली. विळा विसरला म्हणून परत फिरली आणि धुक्यात दिशा चुकली होती.

“अगं, विमान आलं असतं अंगावर! मध्येच काय बसलीस?”

“मला काय ठाऊक, दादा... चार हातांवरचं दिसेना.” ती थडथड उडत होती.

“दिवा कुठाय तुझा?”

“माझ्याकडे कुठला दिवा? त्या भावाकडे होता. त्यानेच हात धरून आणलं, इथं बसवलं. हात कसा गारढोण होता त्याचा... मी म्हटलं, इथं नको, कडेला जाऊ. तर नाही म्हणाला. इथंच बस, हलू नकोस.”

“आणखी काय म्हणाला?”

एनिफाने दोन्हीकडच्या धुक्यात पाहून घेतलं.

“भिऊ नकोस म्हणाला. ओवेन मोजतोय.” मग तिने हलक्या आवाजात विचारलं, “ओवेन कोण हो, दादा?”