आठ दिवसांचा मेल

"मी तो मेल पाठवलाच नाही, मॅडम!"

ठाकुर्लीतल्या ऑफिसात खुर्चीवर बसायच्या आधीच यज्ञेशनं सांगून टाकलं. समोर होती शकू म्हात्रे. खासगी गुप्तहेर, तिशीच्या आतली आणि भयंकर हुशार. शेजारी तिचा चुलतभाऊ आणि असिस्टंट धनेश. तो नुसताच भयंकर.

"कुठला मेल? पहिल्यापासून सांग," शकू म्हणाली.

यज्ञेश डोंबिवली एमआयडीसीतल्या एका पंपांच्या कंपनीत आयटी सांभाळायचा. तिथे दर नव्वद दिवसांनी प्रत्येकाला पासवर्ड बदलावा लागे. लोक विसरायचे आणि ऐन कामाच्या वेळी अडकून बसायचे. म्हणून त्यानं एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली. रोज सकाळी नऊला ती सगळ्यांची खाती तपासायची. चौदा, सात, तीन किंवा एक दिवस उरला असेल, तर त्या माणसाला आपोआप आठवणीचा मेल जायचा.

"गुरुवारी डिझाइनच्या मेघालीला तसाच मेल आला. 'पासवर्ड आठ दिवसांत संपेल, इथे बदला.' तिनं लिंकवर पासवर्ड टाकला, पण ते पान नकली होतं. रविवारी तिच्या खात्यातून नव्या पंपाची ड्रॉइंग्ज दुसऱ्या कंपनीला गेली."

"आणि मेल आला तुझ्या स्क्रिप्टच्या पत्त्यावरून?"

"हो ना! त्या पत्त्याचा पासवर्ड आयटीतल्या तिघांकडेच आहे. मी, उत्तम आणि श्रीपाद सर. आमच्या मालकांनी, महेंद्र साहेबांनी, मला पाचपर्यंत वेळ दिलाय. मग नोकरी जाणार आणि पोलीस येणार. फक्त श्रीपाद सरांचा माझ्यावर विश्वास आहे. स्क्रिप्ट लिहायला त्यांनीच शिकवलं मला."

"स्क्रिप्टमध्ये एवढ्यात काही बदललंस?"

"एकदा बदललेलं. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून शुक्रवारचे मेल गुरुवारीच पाठवायचे. पण मध्ये सणाची सुट्टी आली की सगळं चुकायचं. एकाच खात्यावर ट्रायल घेतली आणि काढून टाकलं. जमलं नाही हे कुणाला सांगितलंही नाही. लाज वाटली."

शकू उठली. "धनेश, रिक्षा बघ."

कंपनीत मेघालीचे डोळे सुजलेले होते. "यज्ञेशचा मेल म्हटल्यावर मी कशाला संशय घेऊ? रोज एकत्र चहा पितो आम्ही! शनिवारी आले तर शुक्रवारी आलेला अजून एक मेल, सात दिवस उरले म्हणून. मला वाटलं, सिस्टिम येडी झालीय."

उत्तम सर्व्हर रूमच्या चाव्या फिरवत उभा होता. "मला काय विचारता? त्याच्या त्या स्क्रिप्टला अक्कल नाही. शुक्रवारी सुट्टी, आणि मेल येणार शुक्रवारीच! वाचणार कोण, वॉचमन?"

"हाच तो," धनेश कुजबुजला. "चाव्या बघ ना त्याच्या."

"गप रे."

श्रीपाद सर पन्नाशीचे, शांत. त्यांनी स्वतः खुर्च्या पुढे केल्या. "पोरगा गुणी आहे हो. बारीकसारीक विचार करतो. शुक्रवारची सुट्टी लक्षात घेऊन मेल गुरुवारी पाठवतो. असला मुलगा चोरी करेल?"

"नाहीच करणार," शकू म्हणाली.

साडेचारला महेंद्र साहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमले.

"स्क्रिप्ट आठ दिवस हा आकडा कधीच पाठवत नाही," शकूनं सुरुवात केली. "चौदा, सात, तीन, एक. बस्स! मग आठ आले कुठून? शुक्रवारचा सात दिवसांचा मेल गुरुवारी पाठवला, तरच आठ दिवस उरतात. म्हणजे नकली मेल बनवणाऱ्याला वाटत होतं, की तो बदल चालू आहे."

"पण तो मी काढला होता," यज्ञेश म्हणाला.

"म्हणूनच तू सुटलास. खोटा मेल खरा वाटावा म्हणून तू सात लिहून शुक्रवारी पाठवला असतास. उत्तमला तर तो बदल झाल्याचंच माहीत नाही. मेघालीकडे त्या पत्त्याचा पासवर्ड नाही. यज्ञेश, ट्रायल कोणाच्या खात्यावर घेतली होतीस?"

यज्ञेशनं हळूच श्रीपाद सरांकडे बघितलं.

"बोल."

"श्रीपाद सरांच्या."

"आत्ता तासाभरापूर्वी ते मला म्हणाले, यज्ञेश मेल गुरुवारी पाठवतो. ट्रायलच्या वेळी त्यांना गुरुवारी आठ दिवसांचा मेल आला होता. तोच त्यांनी समोर ठेवून उतरवला."

श्रीपाद सरांनी चष्मा काढला. नाकारलं नाही.

"पंधरा वर्षं मी एकेकाला फोन करायचो," ते म्हणाले. "'ताई, पासवर्ड बदला हं.' लोक खुशाली विचारायचे, पोरांच्या ॲडमिशनचं बोलायचे. यानं तीस ओळी लिहिल्या आणि माझा फोन वाजायचा बंद झाला. तिच्या मेलमुळे चोरी झाली असं दिसावं आणि ती स्क्रिप्ट बंद पडावी, एवढंच हवं होतं. ड्रॉइंग्ज त्यासाठीच बाहेर पाठवली."

"आणि मी तुरुंगात गेलो असतो तर?" यज्ञेशनं विचारलं.

श्रीपाद सर चष्मा पुसत राहिले.

"यांचं खातं आत्ताच्या आत्ता बंद कर," महेंद्र साहेब म्हणाले.

यज्ञेश कॉम्प्युटरसमोर बसला. श्रीपाद सर सवयीनं त्याच्या खुर्चीमागे येऊन वाकले.

"आधी नाव शोध. मग राइट क्लिक कर, तिथे—"

"मला येतं, सर," यज्ञेश म्हणाला. वळून न बघता.