सात दिवसांची टापटीप

सभागृहातल्या पडद्यावर आकडा उमटला आणि वनिता कोवेनं चहाचा कप बाजूला ठेवला. कोरमपल्ली गाव, हलाखी-अंक अठ्ठावन्न. अंक मोठा तितकी हलाखी जास्त; तो सत्तरच्या वर असता तर नदीवर व्हायच्या पुलाच्या दर शंभर रुपयांतले ऐंशी केंद्राने दिले असते. आता निम्मेच मिळणार. बाकीचे राज्याने घालायचे, आणि राज्याने तर आधीच हात वर केले होते.

तीन राज्यांच्या सीमेवरचं हे विकास मंडळ. त्याला दोन सहअध्यक्ष : एक केंद्राचा, दुसरा तिन्ही मुख्यमंत्र्यांमधून पाळीपाळीने. दोघांनी मान डोलावल्याशिवाय वीटसुद्धा हलायची नाही. पूर्वी पूल वशिल्याने पळवले जायचे, म्हणून टिपकण आणले. टिपकण म्हणजे हवेत तरंगणारे मोहरीएवढे संवेदक. सात दिवस गावात राहून ते माणसं काय खातात, पाण्यासाठी किती चालतात, आजारी माणूस दवाखान्यात कधी पोचतो, सगळं टिपायचे. कुणाची शिफारस नाही, कुणाचं रडगाणं नाही.

"अठ्ठावन्न?" केंद्राचे सहअध्यक्ष धर्माधिकारी खूश झाले. "अहो, छान प्रगती आहे की! मग पूल पुढच्या यादीत ढकलू."

गावाची प्रतिनिधी म्हणून आलेली चिन्नाआत्या वनिताच्या कानाशी कुजबुजली, "पाहिलंस? चांगले दिसलो न आपण! तू सांगितलं तसंच केलं."

वनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हो, तिनंच सांगितलं होतं. मंडळाची तालुका समन्वयक ती. टिपकण काय मोजतात ते तिला तोंडपाठ! तरी टिपकण यायच्या आदल्या दिवशी आपल्या गावात जाऊन म्हणाली, "पाहुणे येतायत. जरा नीट राहा. माझी लाज राखा." वसतिगृहातल्या मैत्रिणी घरी यायच्या म्हटल्या की मुद्दाम आजारी पडणारी पोर होती ती. नोकरी लागली, पण खोड काही गेली नाही. साहेबांनी आपल्या गावची झऱ्यावरची रांग बघू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

गावानं तिचा शब्द झेलला. बाजारातून सौरदिवे मागून आणले. बियाण्याचं धान कांडून दोन्ही वेळा भात रांधला. नावाड्यांनी मजुरी बुडवून दिवसभर नावा चालवल्या. आजाऱ्यांना पैलतीरावर सोयऱ्यांकडे नेऊन ठेवलं.

मागच्या पावसाळ्यात आत्याची सून नदीच्या काठावर नावेची वाट बघत बाळंत झाली होती. बाळ वाचलं, ती गेली. पुलाच्या अर्जावर पहिला अंगठा आत्याचाच होता.

वनिता उठून उभी राहिली. "साहेब, हा आकडा खरा नाही. यंत्र चुकलं नाही, मी चुकले." तिनं सगळं सांगून टाकलं. बोलताना तिची मान वर होईना.

सहअध्यक्ष मुख्यमंत्र्यांच्या वतीने आलेल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "नियमात फेरमोजणी आहे. दोघांची संमती लागते. आमची आहे."

धर्माधिकाऱ्यांनी नाखुशीनेच सही केली. "पण या वेळी गावानं काहीही करायचं नाही. जसे असता तसेच राहायचं. आणि कोवेबाई, तुमची चौकशी वेगळी होईल."

बाहेर आत्या पायऱ्यांवर बसली.

"आत्या, मला तुम्हा सगळ्यांची लाज वाटली गं. त्याचीच आता लाज वाटते," वनिता म्हणाली. तिला रडू आवरेना.

आत्यानं तिचा हात हातात घेतला. "ते पुन्हा येतील, तवा घर सारवायचं नाही?"

"नाही."

"दिवे परत करायचे?"

"हो."

"पण पाहुणा आला की आपण सारवतोच न, पोरी. आपण असतोच तसे. मग त्या पुलासाठी आता आम्ही कोणासारखं राहायचं?"