बुटाच्या तळाचं तेल

"माझ्या मुलीनं मैत्रिणीला मुद्दाम पाडलं म्हणतात," अरुणा दारातूनच म्हणाली. कोटावरचा बर्फ झटकायचंही तिला सुचलं नव्हतं.

प्रमोदिनी गुर्जर एडमंटनमधल्या परवानाधारक खासगी तपासनीस. त्यांचे धाकटे दीर विलास गाडी चालवत आणि उरलेल्या वेळात अंदाज बांधत. अंदाज बहुधा चुकत.

"आधी बस. भावोजी, चहा टाका."

अरुणा बसली. वृद्धाश्रमात नोकरी, पीआरची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, वाट बघणं, आणि घरमालकीण वीणाच्या घरातल्या बेसमेंटचं भाडं, एवढंच तिचं जग. तिची ऊर्मी आणि वीणाची अक्षरा एकाच हायस्कूलच्या चीअरलीडिंग संघात होत्या. खालच्या मुलींनी तळहातांवर वरच्या मुलीचे पाय पेलायचे. वर अक्षरा, खाली ऊर्मी. शनिवारी स्पर्धेत अक्षराचा पाय सटकला आणि मनगट मोडलं. बुटाच्या तळाला तेल लागलेलं होतं. ऊर्मीच्या बॅगेत खोबरेल तेलाची उघडी बाटली सापडली.

"बाटली कशाला नेली होती?"

"मीच टाकली हो. केस बसवायच्या त्या स्प्रेनं केसांचा काथ्या होतो. म्हटलं, कार्यक्रम झाला की शॉवरच्या गरम पाण्याखाली बाटली धर, मग चोळ. उद्या शाळेत सुनावणी आहे. सस्पेंड करतील. पुढे कुठलं कॉलेज तिला दारात उभं करेल?"

"दोघींचं भांडण झालं होतं?"

अरुणा घुटमळली. "ऊर्मी सगळ्यांसमोर म्हणाली होती, दर वेळी मीच खाली का?"

"झालं तर मग!" विलास स्वयंपाकघरातून म्हणाले. प्रमोदिनींनी नुसतं पाहिलं. ते पुन्हा चहाकडे वळले.

कोच ब्रेंडा जिममध्येच भेटली. मुलगी चांगली होती, असं ती ऊर्मीबद्दल म्हणाली, 'होती' म्हणाली. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतला बूट पुढे केला.

विलासनी नाक लावलं. "काय हो वहिनी, गुलाबाचा वास! पोरी पायांनाही अत्तर लावतात की काय?"

प्रमोदिनींना कोल्हापूरच्या शाळेतलं संमेलन आठवलं. मुली अनवाणी मनोऱ्यावर चढत आणि खालची मुलगी ओढणीनं वरचीचे तळपाय पुसून देई. त्या ओढणीचा ओला वास अजून त्यांच्या लक्षात होता.

"वर चढण्याआधी बुटांचे तळवे कोण पुसतं?" त्यांनी विचारलं.

"ऊर्मी. तेच तर," ब्रेंडा म्हणाली. "बूट मी स्वतः तपासले होते, स्वच्छ होते. मग तिनं पुसले. पुसायचे ओले वाइप्स ऐन वेळी संपले होते, तरी वीणानं कुठून तरी एक आणून दिलाच. त्या बाईशिवाय आमचं पान हलत नाही. बाटलीसुद्धा तिलाच सापडली."

"ऊर्मी त्याआधी शॉवरकडे गेली होती?"

"नाही. आल्यापासून सगळ्या माझ्यासमोर मॅटवर होत्या."

बेसमेंटमध्ये ऊर्मी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आय वाइप्ड हर शूज. ऑलवेज डू," एवढंच म्हणाली.

वर वीणानं मात्र आग्रहानं बसवलं, बटाटेवडे वाढले. "सांगायला जीभ रेटत नाही, प्रमोदिनीताई. घरात ठेवून घेतलं, त्याचं हे फळ. बाटली हातात घेतली तर तेल नुसतं ओघळत होतं. माझी बोटं तेलकट झाली!"

विलासनी चटणीची बोटं कुठे पुसावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं. वीणानं पटकन पर्समधून ओला वाइप काढून दिला. पुढच्याच क्षणी विलासच्या हातून चहाचा कप निसटला.

"अगंबाई! भाजलं तर नाही ना?"

"हातच बावळट," विलास खजील होऊन म्हणाले.

प्रमोदिनी वाकून कपाचे तुकडे उचलू लागल्या. वापरलेला वाइप त्यांनी रुमालात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी, सुनावणीला निघण्याआधी, त्यांनी सगळ्यांना वीणाच्याच स्वयंपाकघरात बसवलं. अक्षराचा हात प्लास्टरमध्ये होता. ऊर्मी आईला चिकटून उभी होती.

प्रमोदिनींनी टेबलावर खोबरेल तेलाची बाटली उपडी धरली. थेंबही पडला नाही.

"ही अरुणाची दुसरी बाटली, रात्रभर याच घरात होती. या हवेत तेल मेणासारखं थिजतं. ऊर्मी उणे वीस अंशांच्या थंडीतून बसनं आली, ती थेट मॅटवर. गरम पाण्यापर्यंत ती पोचलीच नाही. मग तिच्या बाटलीतून तेल ओघळलं कसं, वीणा?"

"बोटं तेलकट होती हे खरं. पण ती आधीपासूनच तेलकट होती. बुटाला खोबऱ्याचा वास नव्हता, गुलाबाचा होता." त्यांनी रुमाल उलगडला. "या वाइपला आहे, तसाच. याच वाइपनं हात पुसल्यावर भावोजींचा कप निसटला. हा मेकअप उतरवायचा वाइप, तेलाचा. घाईत तू पर्समधून हाच दिलास. ऊर्मीनं विश्वासानं तळवे पुसले. तोवर ती चूक होती. अक्षरा पडल्यावर ती तुझ्या लक्षात आली, मग तू ऊर्मीची बॅग उघडलीस. बाटली असणार हे तुलाच माहीत होतं, कारण आपल्या घरांतल्या सवयी तुला ठाऊक. झाकण काढलंस आणि ब्रेंडाला हाक मारलीस. ती मात्र चूक नव्हती."

वीणानं तोंड ओंजळीत लपवलं. "माझ्या हातानं पोरीचं मनगट मोडलं हे तिला कळलं असतं तर—"

"आय न्यू, मॉम." अक्षरा टेबलाकडे बघत म्हणाली. "पडल्यावर बूट काढले तेव्हाच. तू रोज रात्री तोंड पुसतेस ना, तोच वास."

"यू न्यू?" ऊर्मी तिच्याकडे वळली.

"शी इज माय मॉम, ऊर्मी."

वीणानं डोळे पुसले. "शाळेत येऊन सांगते सगळं. पण अरुणा, महिनाअखेर बेसमेंट रिकामं कर. तुझं तोंड रोज नाही बघवायचं मला."

"मलाही," अरुणा म्हणाली.

वीणानं शब्द पाळला. ऊर्मीला सन्मानानं संघात परत घेतलं. सामान हलवायच्या दिवशी विलासनी तिला सरावाहून गाडीत घेतलं, तेव्हा ती खिडकीबाहेरच बघत होती.

"कसा झाला सराव?" प्रमोदिनींनी विचारलं.

"सगळ्यांनी मिठी मारली, मावशी. एव्हरीवन. म्हणाल्या, तू असं करणार नाहीस हे आम्हाला माहीतच होतं." तिनं संघाचं जाकीट काढून घडी केली आणि सीटवर ठेवलं. "मग तेव्हा कोणी बोललं का नाही?"