फांदी बाहेर होती

यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

असल्या गोष्टी मध्यरात्रीच घडतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. हे घडलं भर दुपारी, लख्ख उन्हात. गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, डॅन्यूबच्या काठावरच्या ओबरग्राबन नावाच्या गावात.

घडलं ते रोसविताच्या बाबतीत. ती माझी मावसबहीण. त्या दुपारी तिची तीन वर्षांची मुलगी, रेझी, तिच्या हातातून गेलीच होती जवळजवळ.

जवळजवळ... असं रोसविता म्हणते. आणि म्हणताना थांबते.

तिला खरं तर एवढंसंच हवं होतं. रेझी झाल्यापासून व्हिएन्नातल्या त्या दोन खोल्यांतून ती धड बाहेर पडली नव्हती. नदीकाठचं एखादं बाकडं, हातात यंदाच्या द्राक्षांची गढूळ, फसफसती नवी वाइन, आणि तासभर कुणी 'मम्मा' म्हणून हाक मारायची नाही. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत.

निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने, गेरनोटने, बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं, "आईपण येतेय."

"कुणाची आई?"

"माझी. म्हणाली, मला कोण विचारतंय."

"बरोबरच होतं ना ते! मग विचारलंस कशाला?"

क्रेम्सला गाडी बदलायची होती. सासूबाई, म्हणजे हेडविग, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात गेल्या आणि नदीकाठाने जाणारी छोटी गाडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची यायला तास होता.

रोसविताचा तास असा फलाटावरच गेला.

"आमच्या वेळी मुलं चालायची," बाबागाडीकडे बघत हेडविग म्हणाल्या. "गाडीबिडी नसायची."

"चालतेच आहे ती, आई. गाडीत तुमच्या पिशव्या आहेत."

गेरनोट हसला. दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं. तो हसायचा थांबला.

गाव मात्र चित्रासारखं होतं. पिवळी घरं, चर्चचा निळा मनोरा, डोंगरापासून नदीपर्यंत उतरत आलेले द्राक्षांचे सोनेरी टप्पे. आणि नदीकाठचं प्रत्येक बाकडं भरलेलं. बसमधून उतरलेली माणसं खुर्च्या अडवून बसली होती. गावातली वाइन पाजणारी बरीचशी अंगणं बंद होती, कारण घरातलं झाडून सगळं माणूस वर द्राक्षतोडणीला गेलेलं. बाबागाडीचं चाक दगडी फरशीत सारखं अडकत होतं. रेझीला भूक लागली. हेडविगच्या पायात गोळे आले.

"परत जाऊया," गेरनोट म्हणाला.

"मी इथे बसून एक पेला प्यायल्याशिवाय जाणार नाही," रोसविता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. एका पेल्यासाठी रडू यावं, याचाच तिला जास्त राग आला.

तेव्हाच तिला ती फांदी दिसली.

गल्लीच्या अगदी वरच्या टोकाला एक दगडी कमान होती. तिच्यावरच्या लोखंडी आकड्याला फरच्या झाडाची फांदी टांगलेली. हिरवीगार, नुकती तोडल्यासारखी.

ज्या घराला आपली वाइन पाजायची असते, ते दारावर अशी फांदी लावतं. फांदी आत घेतली की घर बंद. ती बाहेर असली की दार वाजवायचं नाही, विचारायचं नाही. सरळ आत जायचं आणि बसायचं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

म्हणून ते सरळ आत गेले.

अंगणात अक्रोडाचं मोठं झाड होतं. खाली एकच टेबल मांडलेलं. काळा पाव, कांदा घालून केलेलं चरबीचं लोणी, आणि मधोमध नव्या वाइनचा भरलेला चंबू.

बाकी अंगण रिकामं.

"बघ, मिळालं की नाही?" गेरनोट म्हणाला. "ओ ताई! आम्ही चौघं आहोत!"

घरातून पेल्यांचा किणकिणाट आला. मग बाकडं सरकवल्याचा आवाज. मग एक बाई खोकली आणि म्हणाली...

"येतेय!"

ते बसले. कुणी आलं नाही.

"अहो, पेले तेवढे द्या!"

"येतेय!"

कुणीच आलं नाही.

"आता पाहुण्यांनीच भांडी घासायची का?" हेडविग पुटपुटल्या. मग त्या चंबूकडे बघत राहिल्या.

"रोसविता... गांधीलमाश्या कुठे आहेत?"

या दिवसांत नव्या वाइनचा थेंब सांडला तरी गांधीलमाश्यांचा थवा पडतो. पेल्यावर हात ठेवूनच प्यावं लागतं. इथे भरलेला चंबू उघडा होता.

एकही माशी नव्हती.

रोसविताने कान देऊन ऐकलं. खाली नदीवर बोटी होत्या, गल्लीत माणसं होती. इथे काहीच ऐकू येत नव्हतं. अक्रोडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"मी बघून येतो," गेरनोट वैतागून उठला. घरात डोकावला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"आत कुणी नाही. बाकडी भिंतीला उलटी लावून ठेवलीयत. त्यांच्यावर एवढी धूळ..."

"अरे, पण आत्ता ती बोलली ना!"

"तेच म्हणतोय मी!"

"उठा," रोसविता म्हणाली. "चला इथून. रेझी, चल बाळा."

बाबागाडीपाशी रेझी नव्हती.

झाडामागे नव्हती. टेबलाखाली नव्हती.

अंगणाच्या मागच्या भिंतीत तळघराचं दार होतं. आत शिरताना ते बंद होतं, हे रोसविताला पक्कं आठवतं. आता ते उघडं होतं. आतून आंबट-गोड वास येत होता. आंबत असलेल्या रसाचा.



रोसविताचे आजोबा द्राक्षमळ्याचे मालक. चालायला लागल्यापासून तिने एकच धाक ऐकला होता. ऑक्टोबरात तळघरात पाय टाकायचा नाही. पिंपांत रस आंबत असतो, त्यातून वायू निघतो आणि जमिनीलगत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस गुडघ्यावर बसतो तो उठत नाही. उतरायचंच असेल तर हातात पेटती मेणबत्ती हवी. ज्योत विझली की मागे फिरायचं.

आणि रेझी होतीच मुळी गुडघ्याएवढी.

"मेणबत्ती!" ती किंचाळली. "काडेपेटी, लायटर, काहीतरी द्या!"

कुणाकडेच काही नव्हतं. गेरनोटने फोनचा दिवा लावला आणि तो पायऱ्या उतरला.

"अरे, तो विझत नाही! हवा संपली तरी तो विझत नाही! गेरनोट!"

थोड्या पायऱ्या तो नीट उतरला. मग भिंतीला हात लावून थांबला. मग त्याचे गुडघेच वाकले.

पायांत गोळे आलेल्या हेडविग कशा धावल्या कोण जाणे. श्वास रोखून त्या पायऱ्यांवर गेल्या, मुलाची कॉलर पकडली आणि पिठाचं पोतं ओढावं तसा त्याला फरफटत वर आणला. तो पांढराफटक पडला होता.

"खाली आहे ती," तो धापा टाकत म्हणाला. "पाय दिसले... लहान पाय..."

रोसविताने स्कार्फ तोंडाला गुंडाळला. तिला ठाऊक होतं, स्कार्फने काही होत नाही. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

आणि खालून, अगदी खालून...

"येतेय!"

अंधारात उजेडाचा एक ठिपका दिसला. मेणबत्ती. पण ती हातात धरतात तेवढ्या उंचीवर नव्हती. पार जमिनीलगत होती. कमरेतून वाकलेली एक बाई ती धरून चढत होती. तोंड दिसत नव्हतं, डोक्यावरचा रुमाल तेवढा दिसत होता. ज्योत एका पायरीवर यायची, स्थिर व्हायची, मगच पुढच्या पायरीवर सरकायची.

बाईने धरला होता रेझीचा एक हात.

रेझीचा दुसरा हात मागे होता. अंधारात लांबवलेला.

पायऱ्या संपत आल्या तशी रोसविताने झडप घातली आणि पोरीला उराशी कवटाळलं. रेझीचे गाल लालबुंद होते, डोळ्यांत झोप होती. श्वास चालू होता. रोसविताने पुन्हा खाली पाहिलं, तर मेणबत्ती एकटीच पायरीवर जळत होती.

ते गल्लीत येईपर्यंत कुणी मागे वळून पाहिलं नाही.

समोरच्या घराची बाई डोंगरावरून उतरत होती. हात रसाने चिकट, पाठीवर टोपली.

"त्या घरातून कसे आलात तुम्ही?"

"फांदी होती बाहेर!" रोसविता जवळजवळ ओरडलीच. "असं दार उघडं टाकतात? तळघरात रस आंबतोय आणि लहान मुलं..."

"कसला रस?" त्या बाईने टोपली खाली ठेवली. "त्या तळघरात माझ्या लग्नाआधीपासून द्राक्षाचा दाणा गेलेला नाही."

"माझा नवरा मरता मरता वाचला!"

बाई गेरनोटकडे बघत राहिली. मग रेझीकडे. मग हळू आवाजात म्हणाली, "नोटबुर्गा राहायची तिथे. माझी सासू सांगायची. ती मुलीला बरोबर घेऊन तळघरात उतरली. हातात मेणबत्ती होती, नीट जळत होती. हवा चांगली आहे असंच तिला वाटलं. ज्योत तिच्या छातीशी होती हो... आणि पोरगी तिच्या गुडघ्याशी."



"त्यानंतर म्हणे ती मरेपर्यंत मेणबत्ती जमिनीलगत धरूनच चालायची. घरातसुद्धा."

परतीच्या गाडीत गेरनोट आणि हेडविग डोळे मिटून बसले होते. खिडकीबाहेर नदी सोन्यासारखी चमकत होती. रोसविताने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती रेझीचे हात तपासत होती. एक हात उबदार होता.

दुसरा बर्फासारखा गार.

"रेझी, त्या काकू काही बोलल्या का गं?"

"म्हणाली, हात सोडू नको."

"तिचा?"

रेझीने मान हलवली. नाही.

"ताईचा. काकूने माझा हात धरला. मी ताईचा धरला. ताई खूप दिवस झोपली होती."

"मग ताई... कुठे गेली?"

 रेझी खिडकीकडे सरकली आणि आपल्या शेजारी थोडी जागा केली.

डॉक्टरांनी रेझीला तपासलं. सगळं ठीक आहे. गेरनोट म्हणतो, सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून त्याला चक्कर आली. बाकी सगळं तू मनाचं जोडतेस. हेडविग तर त्या दिवसाबद्दल बोलतच नाहीत, विषय निघाला की उठून जातात. रोसविताने एकदा चर्चमधल्या फादरना विचारलं, तर ते म्हणाले, दमतेस तू, जरा झोप काढत जा. ती चिडून चिडून थकली. माझ्यापाशी बोलते, कारण मी ऐकून घेते.

मुलगी माझीच आहे, असं ती म्हणते. कानामागचा तीळ, हसणं, झोपेत अंगठा चोखणं, सगळं तिचंच. मी आईच आहे ना, मला कळणार नाही?

मीही हेच म्हणते. मग ती काय करते, ते मला दाखवते. स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत हाक मारते.

"रेझी, जेवायला ये!"

रेझी आत खेळत असते. तिला ऐकू गेलेलं असतं. पण ती लगेच ओ देत नाही. आधी शेजारी बघते, थोडा वेळ थांबते...

जणू पहिली ओ द्यायची पाळी दुसऱ्या कुणाची आहे.