अठ्ठेचाळीस काचा

संघर्ष पहिल्यांदा भेटला तेव्हा मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून मायक्रोस्कोपच्या हरवलेल्या स्क्रूला शिव्या घालत होते.

"औषधाच्या गोळ्यांच्या मशीनची मोटार इथंच बघायचीय ना?" दारातून आवाज आला.

"शेजारच्या खोलीत," मी खालूनच म्हणाले. "आणि जपून पाय टाका, स्क्रू पडलाय इथं."

पाय थांबले. मग पायांच्या जागी एक चेहरा आला. सावळा, हसरा, कपाळावर ग्रीसचा डाग.

"हा का? माझ्या बुटाखाली होता." त्याच्या तळहातावर माझा स्क्रू. "पण याचे आटे गेलेत. उद्या नवीन करून आणतो, अंबडच्या एमआयडीसीतून. आमच्या वर्कशॉपमध्ये होईल."

एवढं बोलून तो उठला आणि टेबलाला डोकं आपटून घेतलं... मला हसू आलं. तिथंच माझं चुकलं.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. भुरभुर पावसात पपया नर्सरीच्या चौकावरून बाईक हाणत, रेनकोटातून पाणी गाळत. स्क्रू बसवला आणि विचारलं, "यातून बघता काय तुम्ही?"

मी फार्मसी कॉलेजात पीएचडी करते. हा प्रश्न मला घरीसुद्धा कुणी विचारत नाही, म्हणून सगळं सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, नावाचा आजार असतो. त्यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या मज्जातंतूंवर उलटते, दाह होतो, आणि तंतूंवरचं वेष्टन झडून जातं. ते वेष्टन वाचवेल असं एक रसायन मी उंदरांवर तपासत होते.

"म्हणजे तारेवरचा लेप," तो म्हणाला. "मोटारीच्या तारेवर असतो तसा. कंपनीत मी तोच तपासतो. कुठं उघडी पडली की मोटार गेली."

त्यानं डोळा लावला. काचेवर निळी कडी दिसतात, प्रत्येक कडं म्हणजे एका तंतूचं शाबूत वेष्टन. तो बघतच राहिला, जरा जास्तच वेळ.

माझ्या गाईड मॅडमचा नियम असा की, तंतू दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि कुठल्या उंदराला औषध दिलं ते दोघांनाही माहीत नसायचं. काचांवर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, तो कागद मॅडमच्या कपाटात, बंद पाकिटात. माझ्याबरोबर मोजणारी मुलगी लग्न होऊन गेली होती. मॅडमनी संघर्षला विचारलं, "पहिली पाळी सुटली की याल का? आठवडाभर शिकवू." वाक्य संपायच्या आत तो "हो" म्हणाला.

मला वाटलं, माझ्यासाठी. वाटणारच की.

शिकून झालं आणि अठ्ठेचाळीस काचांचा डबा मी त्याच्या हाती दिला. चहा घेऊन परत येते तो सगळ्या काचा टेबलावर ओळीनं मांडलेल्या, लखलखीत.

"पुसून घेतल्या," तो कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. "आमच्याकडं थिनरनं पुसल्याशिवाय नग तपासायला घेतच नाहीत."

मार्करनं लिहिलेले माझे सगळे नंबर त्याच्या फडक्यावर होते.

मी चहा खाली ठेवला. "संघर्ष... त्यावर नंबर होते."

त्याचा चेहरा उतरला. "पण ओळीनंच ठेवल्यात मी."

"डब्यातून पुढून काढल्यास की मागून? मध्ये एकदाही हललं नाही काही?"

त्यानं डब्याकडं पाहिलं. "हललं असेल. खात्री नाही."

"मग गेल्या."

खोटं बोलला असता तर मला पत्ताही लागला नसता. उत्तर चुकलं असतं आणि मी ते मिरवत फिरले असते. त्या क्षणी मला त्याला बदडावंसं वाटत होतं... आणि त्याच क्षणी तो मला आवडला. रागानं डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून सांगितलं मात्र नाही.

पंचवीस दिवसांवर पीएचडीच्या समितीची बैठक होती. तेव्हा निकाल नसता तर माझी मुदत संपली असती, तीन वर्षं पाण्यात. मूळ नमुन्यांचे मेणात बसवलेले ठोकळे शिल्लक होते एवढंच नशीब. पुन्हा काप काढायचे, पुन्हा रंगवायचे.

तो रोज चार वाजता हजर. मी रंग चढवायचे, तो काचा वाळवायचा. नंबर आता पेन्सिलीनं, खास काचेच्या खरखरीत टोकावर. दोघांची बोटं निळी झाली.

"मार्कर वापरणारी माणसं पण हुशारच म्हणायची," तो एकदा म्हणाला.

"थिनर घेऊन फिरणाऱ्यांनी बोलू नये."

"तुमची सोबत वाढली ना तेवढीच," तो भेळभत्त्याचा पुडा पुढं करत म्हणाला.

"तुम्ही काय... तू म्हण."

त्यानं घाईघाईनं भत्त्याचा बोकाणा भरला. कान तेवढे लाल झाले.

मोजणी निम्मी झाली असताना तो म्हणाला, "उद्या यायचं नाही जमणार. बहिणीला दवाखान्यात न्यायचंय."

"काय झालंय तिला?"

"तू बघतेस तेच." तो काचेकडं बघत राहिला. "पायल. शाळेत शिकवते. चार वर्षं झाली, उजवा पाय ओढते."

मला वाईट वाटलं. तिच्यासाठी, आणि खरं सांगते, थोडं माझ्यासाठीही.

"म्हणून आलास तू इथं. आणि मी समजत होते..."

"काय समजत होतीस?"

"काही नाही. काच पूस." मग मी मुद्द्यावर आले. "औषध लागू पडावं असंच तुला वाटणार. मोजताना हात ढिला पडला तर?"

त्यानं त्याची वही माझ्यापुढं सरकवली. "बघ. जिथं शंका आली, तिथं रिजेक्ट मारलंय. कुठला नंबर कुणाचा ते झाकलंय, पण मन झाकता येत नाही ना. पायलच्या नावावर खोटा पास मला नकोय, मनाली."

मी पानं चाळली. एकही कडं त्यानं उदारपणानं पास केलं नव्हतं.

पाकीट उघडायच्या दिवशी पायलताई आल्या. लिफ्ट बंद, दोन मजले. "कुणी हात द्यायचा नाही," म्हणत काठी टेकत वर आल्या आणि माझ्याच खुर्चीत बसल्या. "ही का ती मार्करवाली?" मी संघर्षकडं पाहिलं. तो छताकडं.

मॅडमनी पाकीट फोडलं. नंबर जुळवायला लागल्या. माझे आकडे, मग त्याचे. खोलीत फक्त पेन्सिलीचा आवाज. संघर्षनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

"संघर्षचे आकडे प्रत्येक ठिकाणी मनालीपेक्षा कमी," मॅडम म्हणाल्या. "तरीही औषध दिलेल्या उंदरांत शाबूत तंतू न दिलेल्यांच्या दुपटीहून जास्त. दोघांच्याही मोजणीत." त्यांनी चष्मा काढला. "जिंकलीस, मुली."

मी ओरडलेच. समोरच्या हॉलमधली पोरं धावत आली. संघर्ष मान खाली घालून रडत होता आणि हसतही होता.

"उंदरांत हं," मॅडमनी पायलताईंना हळूच सांगितलं. "माणसांपर्यंत पोचायला वर्षं लागतील. कदाचित पोचणारही नाही."

"लागू देत की," पायलताई म्हणाल्या. "माझ्यासाठी नाही तर दुसऱ्या कुणासाठी. सुरुवात तर झाली." आणि मॅडमना घेऊन चहाला निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "संघर्ष, आता तरी बोल रे बाबा. घरी माझं डोकं खातोस ते."

आम्ही दोघंच उरलो.

"पहिल्या दिवशी मी पायलसाठी हो म्हणालो," तो म्हणाला.

"माहितीय."

"दुसऱ्या दिवसापासून तुझ्यासाठी आलो. ते थिनर... तुझ्यापुढं काम चोख दिसावं म्हणून मुद्दाम अंबडहून आणलं होतं."

मला हसू आवरेना. "आणि माझी तपासणी? केलीस का?"

"रोज."

"शंका?"

"एकही नाही." मग जरा चाचरत, "तुला?"

"होती एक," मी म्हणाले. "तू कुणासाठी येतोस ही. आत्ताच मिटली. माझं प्रेम आहे तुझ्यावर, संघर्ष. पुन्हा फडकं आणलंस तर मात्र बघ."

त्यानं माझा हात हातात घेतला. दोघांची बोटं अजून निळीच होती. तो रंग कातडीवरून आठवडा आठवडा जात नाही, आणि आम्हीही तो घालवायच्या फंदात पडलो नाही.